देवळीचा ताम्रपट आणि आमचा मूळपुरुष

दिवाळीत घर भरले की फराळाच्या ताटांबरोबर घराण्याचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. चकलीचा दुसरा घाणा उतरेपर्यंत कुणीतरी म्हणतोच, "आपण मूळचे इथले नव्हे बरं का!" आणि मग मूळपुरुष येतो. तो नेहमी घोड्यावर बसून येतो. पायी आलेला मूळपुरुष मी अजून ऐकलेला नाही. दुष्काळात गाव सोडून, डोक्यावर बोचके घेऊन, कुणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकलेला मूळपुरुष तर मराठी कुटुंबात औषधालाही सापडायचा नाही. एवढे दुष्काळ पडले, एवढी माणसे देशोधडीला लागली, त्यांचे वंश गेले कुठे, असा प्रश्न पडतो.

ओसरीवर बोलण्यापुरता हा विषय असतो तोवर कुणाचे बिघडत नाही. परंतु तो छापला जातो तेव्हा त्याला कुलवृत्तांत म्हणतात, आणि कुलवृत्तांत हा मराठीतला चांगला बाळसेदार ग्रंथप्रकार आहे. कादंबरीवर टीका होते, कवितेवर होते, नाटकावर तर पडदा पडायच्या आत होते; या प्रकाराची मात्र कुणी समीक्षा करीत नाही. वाचक ठरलेले, प्रती ठरलेल्या, आणि प्रत्येक वाचक आधी स्वतःचे नाव शोधतो. यंदा असेच एक बाड माझ्यापुढे आले. ते आमच्याच घराण्याचे. थोरल्या काकांनी ते अकरा वर्षे खपून तयार केले आणि प्रस्तावना मी लिहावी अशी आज्ञा केली. ती लिहिताना जे सुचले, त्यातले बरेच प्रस्तावनेत बसणारे नव्हते. ते इथे मांडतो.

आधी गुण सांगितले पाहिजेत. या ग्रंथांमागचे कष्ट थक्क करणारे असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या उलटायच्या, मोडी कागद वाचून घ्यायचे, उत्तर न देणाऱ्या चुलतभावांना चार-चार पत्रे घालायची, हे काम पगारी माणूस करणार नाही. शेवटच्या तीन-चार पिढ्यांची हकीगत तर पुष्कळदा उत्तम साधलेली असते. प्लेगात कोण गेले, १९१८ च्या तापसरीत कोण पोरके झाले, पहिली सायकल कुणी आणली, नागपूरला शिकायला कोण कुणाच्या घरी वार लावून जेवला, हे सगळे साध्या, कोरड्या वाक्यांत येते आणि म्हणूनच काळजाला भिडते. पण पहिली वीस पाने आणि पुढची शंभर पाने एकाच माणसाने लिहिली असतील असे वाटू नये, इतका फरक असतो. पहिल्या वीस पानांत क्रियापदे कमी आणि विशेषणे फार. पुरावा संपतो तिथे भाषा फुगते.

या बाबतीत आमच्या वर्धा जिल्ह्याला कुणी नवशिके म्हणू नये. घराणे थोर करून सांगण्याची कला इथे तांब्यावर कोरलेली सापडली आहे. वर्ध्याहून जवळच देवळी आहे. तिथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट मिळाला. रा. गो. भांडारकरांनी तो संपादून प्रसिद्ध केला. 'नागपूर' हे नाव ज्यात प्रथम भेटते तो हाच लेख. नागपूर-नंदिवर्धन विषयातले एक गाव राजाने एका ब्राह्मणाला दिले आणि त्याचे पुण्य आपला प्राणप्रिय धाकटा भाऊ जगत्तुंग याला लाभावे अशी इच्छा केली, इतकाच व्यवहार. गावाच्या चतुःसीमा सांगताना कन्हान नदीही येते. व्यवहार चार ओळींत आटोपला असता. परंतु त्याआधी वंश सांगितलेला आहे, आणि तो सुरू होतो चंद्रापासून. चंद्राच्या कुळात यदू, यदूच्या कुळात सात्यकीची शाखा, त्यात पुढे रट्ट नावाचा पुरुष, आणि त्या रट्टाचा मुलगा राष्ट्रकूट. झाले! घराण्याच्या नावावरून पूर्वज तयार. हा रट्ट ऐतिहासिक नसावा, असेच संशोधकांचे मत पडले आहे. आडनावावरून मूळपुरुष पाडण्याची ही युक्ती आजही जोरात चालते.

पण खरी गंमत यदूची आहे. दंतिदुर्गाच्या वेळच्या लेखांत, म्हणजे घराणे नुकतेच वर आले तेव्हा, यदूचा पत्ताही नाही. शके ७३० चा, म्हणजे इ. स. ८०८ चा तिसऱ्या गोविंदाचा राधनपूरचा ताम्रपट पाहावा. त्यात कवी एवढेच म्हणतो की, कृष्ण जन्मल्यावर यादवांचे कुळ जसे अजिंक्य झाले, तसे या राजाच्या जन्माने राष्ट्रकूटांचे झाले. ही उपमा आहे, आणि ती वाईट नाही. पुढच्या पिढ्यांच्या लेखांत 'यादवांसारखे' यातले 'सारखे' गळून पडले आणि राहिले ते 'यादव'. गोविंदापासून तिसऱ्या कृष्णापर्यंत पाच पिढ्या झाल्या. तेवढ्यात अलंकाराचे रक्त झाले. मराठी अलंकारशास्त्राने याला काही नाव दिलेले नाही. द्यायला हवे, कारण अर्धे कुलवृत्तांत याच अलंकारात लिहिलेले आहेत.

हा काही आपल्याच मातीचा दोष नव्हे. रोममध्ये ज्यूलियस सीझरने आत्याच्या अंत्यविधीच्या भाषणात आपले कुळ व्हीनस देवीपर्यंत नेले होते. राज्य मिळवणाऱ्याला आजोबा कमी पडतात. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुराचे अधीश्वर' म्हणवीत. लट्टलूर म्हणजे लातूर, असे विद्वान समजतात. एवढा मोठा राजवंश लातूरचा होता, ही गोष्ट मला तरी चंद्रापेक्षा अधिक अभिमानाची वाटते. चंद्रावरून आलेल्यांशी आपले बोलायचे तरी काय?

त्याच देवळीच्या ताम्रपटात आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुलवृत्तांत लिहिणाऱ्याने चार वेळा वाचावी. सगळ्याच पूर्वजांची स्तुती तिथे नाही. दुसरा गोविंद भोगात रमला आणि त्याने राज्य धाकट्या भावावर सोपवून आपले आसन ढिले होऊ दिले, असे म्हटले आहे. चौथ्या गोविंदाबद्दल तर स्त्रियांच्या नेत्रपाशात सापडला, सर्वांना नकोसा झाला आणि नाश पावला, अशी कडक भाषा आहे. वाचताना वाटते, काय प्रामाणिक माणसे! मग वंशावळ समोर ठेवावी. दुसऱ्या गोविंदाचा तो धाकटा भाऊ हाच कृष्णाचा पूर्वज. चौथ्या गोविंदानंतर गादीवर आला तो त्याचा चुलता, म्हणजे कृष्णाचा प्रत्यक्ष बाप. ज्या शाखेचे राज्य गेले तिचे पुरुष बिघडलेले, ज्या शाखेकडे आले तिचे सद्गुणी. वाटणीत हरलेल्या भावाचे आपल्याकडच्या पुस्तकांत काय होते? "यांना व्यसने होती" किंवा "यांचा वंश खुंटला." कोरणाऱ्याचा हात बदलला, छिन्नी तीच.

स्त्रियांचे काय? याचे उत्तरही आमच्याच जिल्ह्यात आहे. हिंगणघाटजवळच्या जांबला आणि आर्वीकडच्या बेलोऱ्याला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट मिळाले. (त्याची राजधानी प्रवरपूर म्हणजे आपले पवनार, असे वा. वि. मिराशींचे मत. पुढे मानसरला उत्खनन झाले तेव्हा काही विद्वानांनी तो मान तिकडे दिला. गावांनाही पूर्वज हवे असतात.) या लेखांत वंश बापाकडून चालतो, पण दोन ठिकाणी आईचे कूळ आवर्जून येते: पहिला रुद्रसेन हा भारशिवांच्या भवनागाचा दौहित्र, आणि प्रवरसेन हा देवगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा पुत्र. देवगुप्त म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त. दोन्ही आज्यांचे बाप मोठे, म्हणून आईला जागा. प्रभावतीने स्वतः राज्यकारभार पाहिला तेव्हाच्या, पुणे ताम्रपट म्हणून प्रसिद्ध असलेल्या लेखात तिने सासरऐवजी आपल्या माहेरच्या गुप्तांचीच वंशावळ घातली. मोठ्या घरची लेक, तिला कोण बोलणार! लहान घरातून आलेल्या सुनांचे नाव मात्र त्या तांब्यावरही नाही आणि आमच्या कागदावरही नाही.

आता हिशेबाची एक बाब. देवळीच्या ताम्रपटाला हजारावर ऐंशीहून अधिक वर्षे झाली. तीस वर्षांची एक पिढी धरली तर छत्तीस पिढ्या होतात. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, असे दुप्पट करीत गेले तर छत्तिसाव्या पिढीत प्रत्येकाच्या पूर्वजांच्या जागा ६,८७१ कोटी भरतात. त्या काळी साऱ्या जगात माणसे होती २५ ते ३५ कोटींच्या आसपास. म्हणजे तीच तीच माणसे आपल्या वंशवृक्षावर असंख्य फांद्यांवर बसलेली आहेत. त्यात एखादा राजा असेलही. पण त्याच्याभोवती लाखो नांगरधारी, धोबी, भिकारी, चोर बसले आहेत. पुस्तकात एकाच फांदीवर दिवा लावलेला असतो.

हे सगळे मी काकांना सांगितले. आमच्या बाडात मूळपुरुष भास्कररामाबरोबर बंगालच्या स्वारीत गेलेला सरदार आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या भास्कररामाने १७४२ मध्ये बंगालवर स्वारी केली, हे खरे. आमचा माणूस तिच्यात होता याला कागद नाही. शोधता शोधता आजोबांची वही सापडली. तीत लिहिले होते, "आमचे पणजे सरदारासारखे राहत." पुन्हा तेच 'सारखे'! मी ते बोटाने दाखवले. काका चष्मा पुसत म्हणाले, "तुला पुरावा पाहिजे रे. मला पोरांच्या माना ताठ झालेल्या पाहिजेत."

या बोलण्यात काही नाही असे मी म्हणणार नाही. ज्या पोराला शाळेत कुणी विचारीत नाही त्याला घरात एखादा सरदार असलेला बरा वाटतो. पण त्याच बाडात पान ६३ वर एक नोंद आहे: "पत्नी — माहेर उपलब्ध नाही." ही माझी पणजी. ऐन तारुण्यात विधवा झाली. दिरांनी वावर लाटायचा घाट घातला, तेव्हा तिने सालदाराला पुढे बसवून कापसाची बंडी स्वतः हिंगणघाटच्या बाजारात नेली, पैसा गाठीला बांधून आणला आणि सारा भरला. अशी नऊ वर्षे काढली. आम्ही सगळे त्या वावरावर शिकलो. तिच्या नावाचे कागद आहेत, पावत्या आहेत, अंगठे आहेत. सरदाराला साडेचार पाने आणि तिला अर्धी ओळ, हे ग्रंथ म्हणून चूक आहे. घराणे म्हणून काय आहे ते काकांनी ठरवावे.

प्रस्तावनेत मी एवढेच लिहिले की सरदाराच्या वाक्यात 'सारखे' परत घालावे आणि पान ६३ नव्याने लिहावे. काकांनी आठ दिवस उत्तर दिले नाही. मग एका सकाळी त्यांचा फोन आला, "पणजीचे माहेर सेलूचे की सिंदीचे?" मला ठाऊक नव्हते. दोन आत्यांचा त्यावरून वाद आहे. दोघीही भाऊबीजेला येणार आहेत.