विधी शाखेतील प्राथमिक अर्थशास्त्र आणि डॉ. आंबेडकरांचा १९१८ चा शेतजमीनविषयक निबंध : एक चिकित्सा

प्रस्तावना

पाच वर्षांच्या एकात्मिक विधी अभ्यासक्रमात सुरुवातीच्या टप्प्यावर अर्थशास्त्र हा विषय असतो. मागणी व पुरवठा, लवचिकता, उत्पादनाचे घटक, बाजाराचे प्रकार, राष्ट्रीय उत्पन्न आणि बँकव्यवस्था अशा क्रमाने तो सामान्यतः शिकविला जातो. हा क्रम शास्त्राच्या दृष्टीने योग्य असला तरी कायद्याच्या विद्यार्थ्याला त्याचे प्रयोजन सहसा उमगत नाही. पुढे वारसा, मालमत्ता हस्तांतरण आणि भूसंपादन हे विषय अभ्यासाला येतात, तेव्हा अर्थशास्त्राची परीक्षा देऊन झालेली असते. परिणामी दोन्ही ज्ञानशाखा एकाच पदवीत असूनही परस्परांना अपरिचित राहतात.

हे अंतर कमी करू शकेल असा एक लहानसा पाठ मराठी अध्यापकांच्या हाताशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज' हा निबंध १९१८ मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अर्थशास्त्र आणि कायदा या दोन्ही विषयांचे अध्यापन केलेल्या विद्वानाचा हा निबंध विधी शाखेत पायाभूत पाठ म्हणून कितपत उपयुक्त आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निबंधातील युक्तिवाद

शेतजमिनीचे तुकडे होत जाणे हा त्या काळी चर्चेत असलेला प्रश्न होता. बडोदा संस्थानाने १९१७ मध्ये त्यासाठी समिती नेमली होती. मुंबई इलाख्याच्या शेती खात्याचे प्रमुख कीटिंग यांनी कुटुंबाचा निर्वाह बऱ्यापैकी होईल एवढ्या जमिनीला 'आर्थिक धारणक्षेत्र' मानले होते. असे क्षेत्र एकदा निश्चित झाले की त्याची पुढे वाटणी होऊ न देणे, हा उपाय ओघानेच येत होता.

डॉ. आंबेडकरांनी प्रथम दोन प्रश्न वेगळे केले. विखुरलेले तुकडे एकत्र आणणे हा एक प्रश्न आणि लहान धारणक्षेत्र मोठे करणे हा दुसरा. त्यानंतर त्यांनी मूळ व्याख्येवरच आक्षेप घेतला. कुटुंबाचा निर्वाह ही उपभोगाची कसोटी आहे आणि शेती हा उत्पादनाचा व्यवसाय आहे. उत्पादनात जमीन एकटी काम करीत नाही. श्रम आणि भांडवल यांच्याशी तिचे प्रमाण काय आहे, यावर तिचा लहानमोठेपणा ठरतो. या दृष्टीने पाहता, उपलब्ध नांगर व बैल यांच्या तुलनेत येथील शेतकऱ्याची जमीन लहान नव्हे, उलट मोठीच ठरते, असा अनपेक्षित निष्कर्ष त्यांनी काढला.

मग तुकडे का पडतात? निबंधाच्या मते, त्याचे मूळ शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त लोकसंख्येत आहे. दुसरा व्यवसाय उपलब्ध नसल्यामुळे प्रत्येक वारस जमिनीच्या वाट्याला चिकटून राहतो. म्हणून वारसा कायदा बदलल्याने रोग बरा होणार नाही. शेतीबाहेर, विशेषतः उद्योगात, रोजगार निर्माण होणे हाच खरा उपाय आहे.

विधी शिक्षणातील मोल

या युक्तिवादाचे वैशिष्ट्य असे की तो कायद्याच्या मसुद्याला अर्थशास्त्रीय प्रश्न विचारतो. कायदा कारणावर उपाय करतो की केवळ लक्षणावर? एखादी व्याख्या कोणत्या हेतूने केली आहे? बंदी घातल्यावर लोक प्रत्यक्षात कसे वागतील? १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान शेतजमिनींसंबंधीच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, तेव्हा याच विचाराचा पाया होता.

पुढील काळातील दोन कायदे या निबंधाच्या प्रकाशात वाचता येतात. पहिला, १९४७ चा तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल असे हस्तांतरण व वाटप त्याने रोखले. पण निवासासाठी जमिनीची मागणी वाढलेल्या शहरांलगतच्या भागांत गुंठेवारीचे व्यवहार होतच राहिले, आणि २०२५ मध्ये नागरी वापराच्या क्षेत्रांतील जुन्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची भूमिका शासनाला घ्यावी लागली. दुसरा, १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा. त्याच्या कलम ४(२) नुसार शेतजमिनीची तुकडेबंदी, कमाल धारणा आणि कुळहक्क यांसंबंधीचे कायदे या अधिनियमापासून अबाधित राखले होते. २००५ च्या दुरुस्तीने हे पोटकलम वगळले आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मसिद्ध हक्क दिला. मुलींना वाटा दिल्याने जमिनीचे तुकडे होतात, हा आक्षेप आजही ऐकू येतो. त्याचे तर्कशुद्ध उत्तर १९१८ च्या निबंधात सापडते. तुकडे वारसांच्या संख्येपेक्षा पर्यायी रोजगाराच्या अभावामुळे पडत असतील, तर मुलीचा हक्क नाकारणे हा उपाय असूच शकत नाही.

निबंधाच्या मर्यादा : पनवेलचा संदर्भ

तथापि हा निबंध जसाच्या तसा पुरेसा नाही. त्यातील जमीन ही केवळ शेतीच्या उत्पादनाचा घटक आहे. स्थानामुळे मूल्य मिळवणारी मालमत्ता म्हणून तिचा विचार त्यात येत नाही. नवीन पनवेलला लागून असलेल्या सुकापूरसारख्या गावात ही उणीव लगेच जाणवते. ज्या भातखाचरातून कुटुंबाचे पोट भरणे कठीण, तोच तुकडा गृहसंकुलासाठी मौल्यवान ठरतो. शेतीच्या कसोटीवर अनार्थिक ठरलेली जमीन नागरी बाजारात दुर्मीळ संपत्ती बनते. हे समजण्यासाठी खंडाच्या सिद्धांताची, म्हणजे स्थानामुळे मिळणाऱ्या मूल्याच्या विचाराची जोड द्यावी लागते.

या परिसराचा इतिहासच त्याचे उदाहरण आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. तिचा अर्थशास्त्रीय अर्थ महत्त्वाचा आहे. संपादनाच्या दिवशीच्या रोख किमतीत, नगर उभारल्यामुळे पुढे वाढणारे मूल्य येत नाही, याची ती कबुली होती.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम २६ हेही असेच वाचले पाहिजे. मागील तीन वर्षांतील समान प्रकारच्या जमिनींच्या नोंदणीकृत विक्रीखतांपैकी अधिक किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी हा बाजारमूल्य ठरविण्याचा एक आधार त्यात आहे. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खतात कमी किंमत दाखविण्याची प्रवृत्ती लक्षात घेतली, तर निम्मी वरची खतेच का निवडली, हे विद्यार्थ्याला उमगते. ग्रामीण भागासाठीचा गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम यांमागील हेतूही मग स्पष्ट होतो. मालक स्वेच्छेने विकत नाही, त्यामुळे बाजारभाव हे त्याच्या नुकसानीचे पूर्ण माप नसते.

निबंधाची दुसरी मर्यादा उद्योगीकरणावरील विश्वासाची आहे. पनवेल परिसरात उद्योग आले, नगरेही आली. परंतु शेतीतून मोकळे होणाऱ्या प्रत्येक हाताला तेथे काम मिळेलच, असे गृहीत धरता येत नाही. कौशल्य, शिक्षण आणि सामाजिक स्थान यांचे अडथळे मध्ये उभे राहतात. सामाजिक सत्तेचा हा पैलू १९१८ च्या निबंधात गौण आहे. मात्र १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत मांडलेल्या खोती निर्मूलन विधेयकात तो ठळकपणे पुढे येतो. खोती पद्धत तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातही होती. म्हणून निबंध आणि विधेयक एकत्र शिकविणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

निष्कर्ष

विधी शाखेच्या अर्थशास्त्रात संकल्पनांची संख्या वाढविण्याची गरज नाही. उत्पादन घटकांचे प्रमाण, सीमांत उत्पादकता, पर्यायी खर्च आणि खंड या मोजक्या संकल्पना एका खऱ्या विधेयकावर, एका वारसा तरतुदीवर आणि एका भूसंपादन निवाड्यावर वापरून दाखविल्या, तर विषयाचे प्रयोजन सिद्ध होते. डॉ. आंबेडकरांचा निबंध या अध्यापनाचा आरंभबिंदू होऊ शकतो, अंतिम शब्द नव्हे. त्याचे निष्कर्ष पाठ करून घेण्यापेक्षा त्याची प्रश्न विचारण्याची पद्धत आत्मसात करून घेणे महत्त्वाचे आहे. ज्या तालुक्यात जमिनीच्या मोबदल्याचे वाद दोन पिढ्या चालले, तेथील भावी वकिलाला बाजारमूल्य या शब्दामागील अर्थशास्त्र कळत नसेल, तर त्याची किंमत त्याच्या पक्षकाराला मोजावी लागते.