चौकटीबाहेरची नदी

कविता छापून आली की आपण तिच्यातील प्रत्येक प्रतिमेचा हिशेब मागतो. पक्ष्याच्या छायाचित्रापुढे मात्र ‘वा!’ म्हणून पुढे सरकतो. दाद मिळते, समीक्षा होत नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आमच्या पट्ट्यात पावसाळा सरला की कॅमेरे घेऊन काही मंडळी नदीकाठी जातात. त्यांना चकवणाऱ्या पक्ष्यांपैकी एक म्हणजे लाजरी पाणकोंबडी. तिच्या निमित्ताने हा हिशेब मांडावा असे आम्हाला वाटते.

राखी-काळी पाठ, पांढराशुभ्र चेहरा व छाती, शेपटीखाली तांबूस रंग. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, तिचा ‘क्वाक् क्वाक्’ असा गजर थांबता थांबत नाही. शरदात ती गप्प होते आणि आवाजाचा माग संपतो. मग उरतो फक्त सब्र. सकाळी किंवा दिवस कलताना ती गवतातून बाहेर येते, आखूड शेपटी झटकते आणि पाऊल वाजले की पुन्हा आत शिरते. तिचे स्वच्छ चित्र मिळवणाऱ्याच्या मेहनतीला आमचा सलाम आहे.

आमचा आक्षेप पुढचा आहे. अशा चित्रांत पक्ष्यामागे बहुधा मऊ, धूसर हिरवा रंग पसरलेला असतो. लांब भिंगामुळे मागचे सारे विरघळून जाते. हा हिरवा रंग कशाचा, हे कोणी विचारत नाही. उल्हास नदीत तो अनेकदा जलपर्णीचा असतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यावर फोफावते. म्हणजे चित्रातले सौंदर्य हे नदीच्या आजाराचे लक्षण! राजमाचीच्या डोंगरांकडून कर्जत, बदलापूरमार्गे येणाऱ्या याच नदीचे पाणी आपण पितो. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, तेही तिच्यावरूनच. अंबरनाथला इ. स. १०६० च्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी तर कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या घाणीने नासली आहे. चौकट पक्ष्याला आत घेते आणि नदीला बाहेर ठेवते.

‘लाजरी’ हे विशेषणही तपासून घ्यावे. ही पाणकोंबडी काही दूरच्या रानातच राहते असे नाही. गावतळ्याच्या काठी, नाल्याच्या झुडपात, घरांच्या मागच्या दलदलीतही ती असते. ती आपल्या शेजारी राहते, आपल्यालाच ती दिसत नाही. उर्दू शाळेत आम्ही बुलबुल आणि सय्याद शिकवतो. बुलबुलचे दुःख मुलांना पाठ असते, पण वस्तीमागच्या नाल्यातली जलमुर्गी त्यांना ओळखता येत नाही. शायरीने बुलबुलला बागेचे प्रतीक केले. छायाचित्रकार पाणकोंबडीला ‘अस्पर्श निसर्गा’चे प्रतीक करतात. दोन्हीकडे खरा पक्षी हातचा सुटतो.

मापदंड शोधायला दूर जायला नको. डॉ. सालिम अली यांच्या १९४१ च्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’मध्ये पक्ष्याच्या चित्राबरोबर त्याचा आकार, ओळख, आढळ, सवयी आणि घरटे यांचीही नोंद असते. त्या पिढीला अभ्यासासाठी बंदूक चालवावी लागे. आज बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, ही खरीच तरक्की आहे. पण त्या नोंदींत पक्षी आपल्या ठिकाणासह उभा असे, तो आज चित्रात एकटा पडला आहे.

ठिकाण सांगितले तर गर्दी होईल, असे कोणी म्हणेल. घरट्याच्या किंवा दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत हे अगदी योग्य आहे. तिथे मौनच बरे. पाणकोंबडी मात्र सर्वत्र आढळणारी आहे. तिच्या चित्राखाली नदीचे नाव आणि महिना लिहिल्याने तिचे काही बिघडत नाही. जवळून घेतलेल्या चित्राशेजारी एक चित्र काठावरच्या प्लॅस्टिकसह, जलपर्णीसह, पाण्यात मिळणाऱ्या गटारासह छापावे, एवढीच आमची मागणी आहे.

चित्र सुंदर असावेच. परंतु ते पाहून आपली मुले नदी निरोगी आहे असे समजणार असतील, तर ते चित्र अपुरे आहे.