लॉबिंगची नोंद कुणी ठेवायची?

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, गडचिरोलीत बसून लॉबिंगवर काय बोलणार? ते दिल्लीचं काम." आम्ही म्हणालो, काम दिल्लीचंच आहे बाबा, पण त्याचं फळ इथं भोगावं लागतं, म्हणून इथं बोलतो.

आधी शब्दाकडे वळू. लॉबिंगला मराठीत शब्द नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. आम्हाला ते पटत नाही. रदबदली आहे, शिष्टाई आहे, मध्यस्थी आहे, वशिला आहे, कान भरणे आहे. पेशवाईच्या कागदांत दरबारखर्च आणि अंतस्थ हे शब्द भेटतात. म्हणजे अनुभव जुना आणि शब्दही बारीक. रदबदली बहुधा दुसऱ्यासाठी केली जाते, कान बहुधा दुसऱ्याविरुद्ध भरले जातात. आपल्या बोलीने हा भेद सांभाळला होता. संसदेत इंग्रजी शब्द आला आणि भेद गेला, सगळ्यांची एकच मोट बांधली गेली. डिसेंबर २०१२ च्या चर्चेचा पहिला दोष आम्हाला इथेच दिसतो.

ती चर्चा कशी झाली ते आठवून पाहू. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही सभागृहांत त्यावर मतदान झाले आणि सरकार तरले. लगेच काही दिवसांत बातमी आली, की वॉलमार्ट कंपनीने २००८ पासून अमेरिकेत लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले, आणि ज्या अनेक विषयांसाठी ते खर्च केले त्यांत भारतातल्या गुंतवणुकीसाठी बाजारप्रवेश हाही एक विषय होता. सभागृहे दणाणली. कामकाज थांबले.

आता गंमत बघा. ही बातमी कुणी चोरून आणलेली नव्हती. अमेरिकेत १९९५ पासून लॉबिंग जाहीर करण्याचा कायदा आहे, त्याखाली कंपनीनेच भरून दिलेल्या विवरणपत्रांत ती होती. म्हणजे भारताच्या बाजाराविषयी कुणी कुठे शब्द टाकला, हे भारताच्या संसदेला परक्या संसदेच्या दप्तरातून कळलं. आपल्या दप्तरात काय होतं? काहीच नव्हतं. खरी लाज याची वाटायला हवी होती. तिच्याऐवजी राग आला, आणि रागही 'परकीय' या शब्दाचा जास्त. लॉबिंग भारतात बेकायदा आहे, तेव्हा हा पैसा म्हणजे लाचच, असे विरोधी बाकांवरून सांगितले गेले. वास्तविक लॉबिंगला परवानगी देणारा किंवा ते नियमात बांधणारा कायदाच आपल्याकडे नव्हता, आजही नाही. सरकारने चौकशी मान्य केली आणि निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची एकसदस्य समिती नेमली. २०१३ मध्ये अहवाल आला, पण त्यातून ठोस काही निघाले नाही.

कसं निघणार? विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. संसदेने विचारले: लाच दिली का? त्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आधीपासून आहे. विचारायला हवे होते ते असे: निर्णयाआधी कोण कुणाला भेटलं, काय मागितलं, आणि मागितलेल्यातलं किती निर्णयात उतरलं? एक पैसाही न देता सरकारचा कान मिळवता येतो. किंबहुना ज्यांना तो कायमचा मिळालेला असतो, त्यांना पैसे देण्याची गरज सगळ्यांत कमी.

या गदारोळातून एकच बरी गोष्ट झाली. बिजू जनता दलाचे खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनी २०१३ मध्ये लॉबिंग जाहीर करण्याविषयीचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. खाजगी विधेयकांचं नशीब तुम्हाला ठाऊक असेल. शुक्रवारी दुपारनंतर, अर्धे खासदार मतदारसंघाच्या वाटेवर असताना, त्यांची वेळ येते. स्वातंत्र्यापासून अशी १४ विधेयके कायदा झाली, त्यांतलं शेवटचं १९७० मध्ये. हेही लोकसभेच्या मुदतीबरोबर २०१४ मध्ये बुडालं. त्याच्या बुडण्याचं आम्हाला वाईट वाटलं. ते जसंच्या तसं मंजूर झालं असतं तरीही थोडं वाईट वाटलं असतं, ते का ते सांगतो.

अशा विधेयकांची रचना साधारण एकसारखी असते. सरकारी सेवकाशी संपर्क साधून धोरणावर प्रभाव टाकू पाहणारा तो लॉबिस्ट. त्याने नाव नोंदवावे, कुणासाठी बोलतो ते सांगावे, हिशेब द्यावा. म्हणजे नोंदीचा सगळा भार बोलणाऱ्यावर. दिल्लीत हे रास्त वाटतं. आता तीच व्याख्या धानोऱ्याला आणून बघा. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, कारण १९२७ च्या कायद्यात बांबू 'वृक्ष' धरलेला. गावाने पत्रं लिहिली, लोक अधिकाऱ्यांना भेटले, केंद्रीय मंत्र्यांपर्यंत गेले. एप्रिल २०११ मध्ये जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती पडली. धोरण बदलावं म्हणून सरकारी सेवकांशी केलेला हा संपर्कच नव्हे काय? त्या व्याख्येने मेंढ्याची ग्रामसभा लॉबिस्ट ठरते. तिने कुठल्या कचेरीत नाव नोंदवायचं? तिमाही विवरण कुणी भरायचं, गाव-पाटलाने?

इंग्लंडने २०१४ साली असा कायदा केला. त्यात नोंदणीचे बंधन फक्त दुसऱ्यांसाठी मोबदला घेऊन बोलणाऱ्या सल्लागारांवर आले, कंपनीचा स्वतःचा पगारी माणूस सुटला. उलट निवडणुकीच्या काळात मोहिमा चालवणाऱ्या संस्थांच्या खर्चावर मात्र त्याच कायद्याने निर्बंध आणले, आणि धर्मादाय संस्थांनी त्याविरुद्ध ओरड केली. ज्यांनी लॉबिंग हे पुढचं मोठं प्रकरण ठरणार असं २०१० मध्ये बजावलं होतं आणि ज्यांच्या सरकारने हा कायदा केला, त्या डेव्हिड कॅमेरॉन यांनीच पुढे ग्रीनसिल या वित्तकंपनीसाठी मंत्र्यांना मोबाइलवरून संदेश पाठवले. २०२१ मध्ये विषय निघाला तेव्हा निर्वाळा आला, की ते कंपनीचे पगारी होते, सबब नोंदणीची गरज नव्हती. कायदा पाळला गेला होता!

आता घरचं उदाहरण. त्याआधी आमचा स्वतःचा कल उघड करणं भाग आहे, नाहीतर या विषयावर बोलण्यात अर्थ नाही: आम्ही दारूबंदीच्या बाजूचे आहोत, १९९३ पासून, जेव्हा आपल्या जिल्ह्यात ती आली. तेवढं वजा करून ऐका.

शेजारच्या चंद्रपुरात डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर चालत गेल्या. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. एप्रिल २०१५ मध्ये बंदी लागू झाली. आता याला लॉबिंग म्हणा हवं तर. पण ते सगळं उघड्यावर झालं. कोण मागतंय, काय मागतंय, कुणाकडे मागतंय, हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोरालाही कळत होतं. ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे तारीख, सूचक, अनुमोदक, सह्या.

२७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती बंदी उठवली. कारणे दिली गेली: अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला. ही कारणे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. बंदीतल्या जिल्ह्यात राहणाऱ्याला दुचाकीवरून येणाऱ्या पेट्या माहीत असतात. आढावा समितीकडे अडीच लाखांहून अधिक निवेदने आल्याचे आणि त्यांतली बहुसंख्य बंदी उठवा म्हणणारी असल्याचे सांगण्यात आले. पुढे निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीने अहवाल दिला, आणि निर्णय झाला तेव्हा करोनाच्या दुसऱ्या लाटेचे निर्बंध चालू होते. पुन्हा चालत जायची सोय कुणालाच नव्हती.

यात कुणी गैर केलं असं आम्ही म्हणत नाही, तसं म्हणायला आमच्याकडे आधार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. इतकी निवेदने कुणी छापली, कुणी वाटली, कुणी गोळा केली? मद्यविक्रेत्यांच्या संघटना कुणाला, कितीदा भेटल्या? आणि बंदीच्या बाजूचे आम्ही लोक कुणाला भेटलो? याची नोंद ठेवण्याचे बंधन कुणावरच नव्हते. अडीच लाख हा आकडा कळतो, पण त्यामागचे हात कळत नाहीत. मग समर्थक म्हणतात जनमत, विरोधक म्हणतात पैसा, आणि दोघांच्याही हाती पुरावा म्हणून काही नसतं. या अवस्थेत निर्णय बरोबर असला तरी तो संशयितच राहतो.

एक जुनी आठवण. बुरुडांना हिरवा बांबू मिळावा म्हणून आम्ही सात जण एका शिष्टमंडळातून मुंबईला एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. फाटकावर नाव, गाव, काम, कुणाला भेटायचं, सगळं वहीत लिहून घेतलं. दुपारभर बाकावर बसलो. तेवढ्यात एक गृहस्थ आले, वहीकडे न बघता आत गेले, पाऊण तासाने बाहेर आले. शिपायाने त्यांना नमस्कार घातला. आम्हाला चार मिनिटं मिळाली. ते कोण होते, कशासाठी आले होते, कुणास ठाऊक. कदाचित साहेबांचे मामाही असतील! पण त्या दिवसाच्या वहीत आमची सात नावं आहेत आणि त्यांचं नाही. नोंद बोलणाऱ्याने द्यायची ठरवली, की ती अशी होते.

गडचिरोलीत याला आणखी एक धार आहे, जी दिल्लीतल्या मसुदेकारांच्या ध्यानात येणं कठीण. इथं कोण कुणाला भेटलं हे उघड होणं ही साधी गोष्ट नसते. अधिकाऱ्याला भेटताना दिसलेला माणूस एका बाजूला खबऱ्या ठरला आणि जिवाला मुकला, असं या जिल्ह्यात झालेलं आहे. खाणीविरुद्ध बोललेला माणूस दुसऱ्या बाजूला नक्षलसमर्थक ठरला, असंही झालेलं आहे. त्यामुळे 'सगळ्यांची नावं जाहीर करा' ही दिल्लीत स्वच्छ वाटणारी मागणी एटापल्लीत कुणाचा तरी बळी घेऊ शकते.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून इथं कांटची आठवण येते. १७९५ च्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात त्याने एक कसोटी दिली: दुसऱ्यांच्या हक्कांवर परिणाम करणारी कृती ज्या तत्त्वावर उभी आहे, ते तत्त्व उघड केल्यास टिकत नसेल, तर ती कृती अन्याय्य. पारदर्शकतेवाले हे हवालं नेहमी देतात, पण अर्धवट. कसोटी आहे ती दुसऱ्याच्या हक्कावर हात टाकणाऱ्याच्या गुप्ततेला. आपला हक्क वाचवण्यासाठी दबक्या आवाजात बोलणाऱ्याची गुप्तता निराळी. एक सत्तेची झाकपाक आहे, दुसरी दुबळ्याची ढाल. दोन्हींना एकच फॉर्म भरायला लावणं म्हणजे समता नव्हे.

म्हणून आमचं म्हणणं असं, की नोंदीचं पहिलं बंधन ऐकणाऱ्यावर हवं. मंत्री, सचिव, समितीचा अध्यक्ष, जिल्हाधिकारी यांनी निर्णयाबरोबर सांगावं: या विषयावर आम्ही अमुक कंपन्यांना, अमुक संघटनांना इतक्या वेळा भेटलो, त्यांनी हे मागितलं. व्यापारी हितासाठी आलेल्याचं नाव द्यावं. गावकऱ्याचं नाव न देता 'अमुक तालुक्यातील ग्रामस्थ' एवढं पुरे. युरोपीय आयोगाचे आयुक्त डिसेंबर २०१४ पासून आपल्या भेटी जाहीर करतात. आणि आपल्याला फार लांब जायलाही नको. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४(१)(ग) आहे: लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना, निर्णय जाहीर करताना, सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करावीत. (घ) म्हणते, बाधितांना निर्णयाची कारणे द्यावीत. कुणाचं ऐकलं, हे संबंधित तथ्य नाही काय? २०१२ च्या गोंधळात हे कलम वाचून दाखवलं असतं, तर निवृत्त न्यायमूर्तींना त्रास द्यावा लागला नसता.

ऐकण्याची जी अधिकृत जागा आहे तिचीही तऱ्हा बघा. पर्यावरणाच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी असं आहे. सुरजागड खाणीच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात; खाणीलगतच्या गावांपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. सुरक्षेचं कारण असेल, मानू. पण बोलणाऱ्याने तेवढं अंतर कापायचं आणि ऐकणाऱ्याने जागेवर बसायचं, ही वाटणी कायम तशीच का?

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप आहे आणि तो आम्हाला पुरता खोडता येत नाही. भेटी जाहीर करायच्या म्हटल्या, की अधिकारी भेटणंच बंद करतील, आणि पहिला दरवाजा बंद होईल तो गरिबाला. श्रीमंताला लग्नात, विमानात, फोनवर गाठता येतं. कॅमेरॉन यांचे संदेश हेच सांगतात. यावर आमच्याकडे अर्धंच उत्तर आहे. नोंद ठेवण्याचं बंधन असेल तर लग्नातली भेट लपवणं हा निदान खोटेपणा ठरतो, आणि खोटेपणा कधीतरी पकडता येतो. आज तो खोटेपणाही नाही, कारण विचारणारंच कुणी नाही. उरलेलं अर्धं उत्तर तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर हवं आहे. मागच्या रांगेत हात वर झालेला दिसतो, ताई, तुम्ही बोला.