व्हॉल्व्हची जवारी

गिटारच्या ध्वनिवर्धकावर टीकालेख लिहितो आहे, असे सांगितले तेव्हा आमचे एक स्नेही म्हणाले, "मग पुढच्या दिवाळीला शिवणाच्या यंत्रावर लिहा!" लिहीनही. गाण्याची पारख करायची आणि ज्या पेटीतून ते बाहेर येते तिला अडगळ समजायचे, हा न्याय मला काही पटत नाही.

माझ्याकडची पेटी माझगावातलीच आहे. या बाजूला, म्हातारपाखाडीच्या आसपास, गिटार परकी नाही. मुंबईच्या सिनेमातले वाद्यवृंद ज्या गोमंतकीय वादकांवाचून उभे राहिले नसते, त्यांच्या जातकुळीची माणसे इथे राहत आली. शेजारचे अंकल लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवीत. कानांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी आपला ध्वनिवर्धक माझ्या दारात आणून ठेवला. म्हणाले, "मास्तर, वाजवत रहा. बंद ठेवला तर मरेल तो."

आत एक लहान व्हॉल्व्ह, एक मोठा, विजेचा प्रवाह एकमार्गी करणारा तिसरा, आणि आठ इंची स्पीकर. ताकद पाच वॉट. बटण दाबले की लगेच काही होत नाही. काचेत नारंगी तार हळूहळू उजळते, मग बारीक गुणगुण सुरू होते. सौ. म्हणते, तेवढ्यात चहा होतो. होतोही!

फ्लेमिंगने 1904 साली पहिला व्हॉल्व्ह केला, डी फॉरेस्टने 1906 साली त्यात जाळी घातली, आणि पुढे क्षीण आवाज मोठा करण्याची सोय झाली. गिटारचे नामांकित ध्वनिवर्धक करणारा कॅलिफोर्नियाचा लिओ फेंडर मूळचा रेडिओ-दुरुस्तीवाला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. आवाज स्वच्छ निघावा, हाच या लोकांचा ध्यास. वादकांनी मात्र बटण नको तितके पिळले. व्हॉल्व्हवर भार पडला, स्वर फाटू लागला, आणि तो फाटका स्वरच त्यांना गोड लागला. शास्त्राने ज्याला दोष म्हटले, त्यालाच कलावंतांनी गुण ठरवले.

आपल्याला यात नवल वाटू नये. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो, आपण तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, ते कशासाठी? तार नुसती स्वच्छ वाजू नये, तिच्यातले वरचे स्वर झणझणून उठावेत म्हणून. व्हॉल्व्हही मूळ स्वरात असेच वरचे स्वर मिसळतो. ट्रान्झिस्टरवर भार टाकला तर तो सहसा लाटेचा माथा एकदम छाटतो. व्हॉल्व्ह तो आधीपासून हळूहळू गोलवत नेतो. म्हणून हलक्या बोटाने छेडले तर स्वर निर्मळ, जोराने छेडले तर खरखरीत. मधल्या साऱ्या छटा बोटांच्या हवाली. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी विजेच्या गिटारवर वाजवलेली चित्रपटगीते ज्या जुन्या रेडिओंवर ऐकली गेली, त्यांच्या पोटातही व्हॉल्व्हच होते. आपल्या वडीलधाऱ्यांचे कान या आवाजावरच पोसले.

पण टीकाकाराने भक्त होऊ नये. या आवाजात "ऊब" असते असे शौकीन सांगतात आणि त्या उबेला भरमसाट किंमत मोजतात. माझा एक विद्यार्थी नव्या धाटणीचा, आत संगणकी चिप असलेला ध्वनिवर्धक घेऊन आला. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, त्याने दोन्ही आलटून पालटून वाजवले. सहापैकी तीन वेळा मी चुकलो. नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते! मग मी गिटार हाती घेतली, डोळे मिटले, आणि तारा बदलण्याचे काम त्याच्याकडे दिले. एकदाही चुकलो नाही. तेव्हापासून माझे मत असे की, हा आनंद श्रोत्याच्या कानाचा थोडा आणि वादकाच्या हाताचा फार. सभागृहात तो वाया जातो. त्याची जागा घरातच.

घरात मोठी यंत्रे आणणाऱ्यांची मला कीव येते. पन्नास वॉट म्हणजे पाचाच्या दहापट आवाज नव्हे. कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. मात्र व्हॉल्व्ह रंगात यायला भार हवा, आणि पन्नास वॉटांवर तेवढा भार टाकायचा तर चाळ रिकामी करावी लागेल. पाच वॉटसुद्धा पूर्ण पिळले तर खालच्या मजल्यावरून झाडूचा दांडा वाजतो. (पाठीमागची फळी मात्र मुलांना उघडू देऊ नका. आत तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ दबा धरून राहतात.)

व्हॉल्व्ह झिजतात. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी ते करीत असे. आता नवे येतात ते रशिया, स्लोव्हाकिया, चीन इथून. मागच्या पावसाळ्यात मोठा व्हॉल्व्ह गेला, तेव्हा मी लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार हिंडलो. नवा बसवून वाजवू लागलो, तोच अंकल दारात. त्यांना आता वरच्या पट्टीतले काही ऐकू येत नाही. ते पेटीपाशी बसले, लाकडावर तळहात टेकला आणि मला एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजवायला लावला. कधी हलका, कधी जोराने.

"हा जुन्यापेक्षा कडक आहे," ते म्हणाले. "महिनाभर वाजव, मग बघू."

मला तो फरक कळला नव्हता. महिना अजून पुरा व्हायचा आहे; ते दर रविवारी येऊन हात लावून बघतात.