ध्यास : लागलेला आणि घेतलेला

अलीकडील चरित्रग्रंथांच्या प्रस्तावना आणि गौरवपर लेख वाचीत असता एका शब्दप्रयोगाची पुनरावृत्ती सहज लक्षात येते. चरित्रनायक समाजसुधारक असो, गायक असो वा गिर्यारोहक असो, त्याने कशाचा तरी 'ध्यास घेतलेला' असतो. आणि लेखकाचा उत्साह थोडा वाढला की तोच मनुष्य पुढच्या परिच्छेदात त्या कार्याने 'झपाटलेला' होतो. या दोन प्रयोगांत काही अंतर असेल, अशी शंकाही लेखकाच्या मनास शिवलेली दिसत नाही. वस्तुतः ते अंतर मोठे आहे. आणि ज्याला परभाषेतील कादंबरी मराठीत आणावयाची आहे त्याला तर ते डावलून चालतच नाही.

मराठीत ध्यास लागतो, तसाच तो घेतलाही जातो. 'त्याला ध्यास लागला' या वाक्यात माणूस चतुर्थीत जाऊन बसतो आणि कर्तेपण ध्यासाकडे येते. भूक, तहान, ठेच, आग या ज्या रीतीने लागतात, त्याच रीतीने ध्यासही लागतो. त्यात माणसाच्या इच्छेचा प्रश्न उद्भवत नाही. उलट 'त्याने ध्यास घेतला' असे म्हणताच ध्यास हा व्रत, दीक्षा, शपथ, संन्यास यांच्या पंगतीला येतो. ज्या गोष्टी माणूस जाणूनबुजून अंगीकारतो आणि ज्यांचा जाब पुढे त्याला विचारता येतो, त्यांची ही पंगत आहे. केवळ साहाय्यक क्रियापद बदलून भाषेने येथे जबाबदारीची वाटणी केली आहे.

ही वाटणी किती काटेकोर आहे हे 'वेड' या शब्दावरून ध्यानात यावे. वेड लागते ते खरे. वेड घेऊन जो पेडगावला जातो, त्याचे वेड हे सोंग होय. इच्छेने घेतलेले वेड खोटे ठरते आणि इच्छेने घेतलेला ध्यास मात्र थोर ठरतो, ही गंमत कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडावयाची नाही. 'नाद' या शब्दाची तऱ्हा आणखी वेगळी. मुलाला नाद लागला, असे आई म्हणते. तो नादी लागला, असे शेजारी म्हणतात. क्रियापद तेच, परंतु माणूस चतुर्थीतून प्रथमेत आला की दोषही त्याच्याबरोबर येतो. आणि 'त्याच्या मनाने घेतले' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा माणूस आणि त्याचे मन हे दोन निराळे पक्ष होऊन एकमेकांसमोर उभे राहतात.

'झपाटणे' आणि 'पछाडणे' ही क्रियापदे भूतपिशाचांच्या क्षेत्रातून आली आहेत. 1993 सालच्या 'झपाटलेला' या चित्रपटाच्या नावाचा अर्थ कोणाही प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नसेल, इतका तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे. सत्कारमूर्तीस 'झपाटलेला' म्हणणारे वक्ते त्याच्या कर्तृत्वाचे श्रेय नकळत कोणा पिशाच्चास देत असतात, असे म्हणावयास हरकत नाही!

इंग्रजीतील 'ऑब्सेस' या क्रियापदाच्या मुळाशी, लॅटिनमध्ये, समोर ठाण मांडून बसणे, वेढा घालणे हा अर्थ आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राने त्यातूनच एक सूक्ष्म भेद केला : पिशाच्च माणसाच्या आत शिरून त्याचा ताबा घेते ती एक अवस्था, आणि बाहेरून वेढा देऊन त्याला छळते ती दुसरी. हा शब्द दुसऱ्या अवस्थेचा. प्रथम नगराला, पुढे माणसाला आणि शेवटी मनाला असा हा वेढा आत सरकत गेला. विसाव्या शतकात तर वाक्यरचनाच उलटली. वेढलेला माणूस स्वतःच कर्ता झाला आणि एखाद्या गोष्टीवर 'ऑब्सेस करू' लागला. बंगालीत एखादे व्यसन माणसाला 'पेये बसे', म्हणजे गाठून वर बसते, आणि हिंदीत धून त्याच्यावर 'सवार' होते. लॅटिनमधील ते बसणे या भाषांत आजही चालू आहे. मराठीने मात्र चिकटण्याची, स्पर्शाची कल्पना पसंत केलेली दिसते.

'ध्यास' ज्या 'ध्यै' धातूच्या कुळातील आहे, त्याच कुळात निदिध्यासन येते. श्रवण-मननानंतरची ती पायरी होय. तथापि हा धातू केवळ पवित्र विषयांसाठी राखून ठेवलेला नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बासष्टाव्या श्लोकात विषयांच्या चिंतनासाठी हाच धातू योजला आहे, आणि त्यातील रचना मननीय आहे. चिंतन माणूस करतो. पण त्यापुढील संग आपोआप उपजतो, आणि पुढची साखळी बुद्धिनाशापर्यंत माणसाला न विचारता चालत जाते. म्हणजे जे घेतले होते तेच कालांतराने लागलेले ठरते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गोपींच्या प्रेमाशेजारी कंसाचे भय आणि शिशुपालाचे वैर ठेवले आहे. तिन्ही वाटांनी चित्त एकाच ठिकाणी पोचते. पण कंसाने कृष्णाचा ध्यास 'घेतला' असे म्हणून पाहावे. कानाला ते खटकते, कारण भय कोणी व्रतासारखे घेत नाही.

मेल्व्हिलच्या 'मोबी डिक' (1851) या कादंबरीतील कप्तान एहॅब मराठीत आणताना या भेदाची खरी कसोटी लागेल. कादंबरीचा निवेदक त्याच्या अवस्थेला एकोणिसाव्या शतकातील वैद्यकाचे, एकाच कल्पनेच्या वेडाचे, नाव देतो. आपल्या मानसोपचाराच्या परिभाषेतील 'मंत्रचळ' हा सुंदर शब्द येथे उपयोगी नाही. त्यात पुन्हापुन्हा हात धुणारा माणूस दिसतो, देवमाशामागे जहाज हाकणारा दिसत नाही. 'झपाटलेला' हा शब्द तर हाताशीच असतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. छत्तिसाव्या प्रकरणात एहॅब डोलकाठीवर सोन्याचे नाणे ठोकतो आणि सर्व खलाशांकडून शपथ वदवून घेतो. हा झपाटलेल्या माणसाचा व्यवहार नव्हे. हा ध्यास घेतलेला आहे, तोही समारंभपूर्वक आणि इतरांना वाटून. पुढे एकशे बत्तिसाव्या प्रकरणात, पाठलागाच्या पूर्वसंध्येला, तोच एहॅब आपल्याला हाकणारी ही अनामिक शक्ती कोणती, हा हात उचलणारा मी की ईश्वर, असे स्टारबकला विचारतो. उत्तर द्यावयास स्टारबक तेथे उरलेलाही नसतो.

अनुवादकाने पहिल्या ओळीपासून 'झपाटलेला' लिहिले, तर हा प्रश्न विचारण्यापूर्वीच त्याचे उत्तर देऊन झाले. सर्वत्र 'ध्यास घेतला' लिहिले, तर प्रश्न निरर्थक झाला. छत्तिसाव्या प्रकरणात 'घेतला' आणि एकशे बत्तिसाव्यात 'लागला' अशी योजना करता येईल. आणि मधल्या शेकडो पानांत, जेथे मेल्व्हिलने काहीच ठरविलेले नाही तेथे, 'एहॅबच्या मनाने घेतले' एवढ्यावरच थांबावे हे मला अधिक योग्य वाटते.