कुणाची गं तू?

यंदा आमच्या बायकांच्या स्वाध्यायात 'परमात्मप्रकाश' वाचला. योगींदुदेवांचा हा अपभ्रंश भाषेतला ग्रंथ डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादून १९३७ साली प्रसिद्ध केला. उपाध्ये आपल्या सदलग्याचे, म्हणून ग्रंथही घरचाच वाटतो. शिष्य भट्ट प्रभाकर विचारतो आणि गुरू आत्मा समजावतात. देहालाच 'मी' म्हणतो तो बहिरात्मा, देहाहून वेगळा स्वतःला ओळखतो तो अंतरात्मा, कर्मं झडली की परमात्मा. आत्मा बाई नाही, पुरुषही नाही. आई-बाप, मुलं, घर यांना 'माझं' म्हणणारा मूढ, असंही ग्रंथ सांगतो. इथंच मी अडले.

घरी सासूबाईंना आता काही आठवत नाही. रोज सकाळी मलाच विचारतात, "कुणाची गं तू?"

सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणतो, माणूस तोच आहे हे त्याच्या जाणिवेवरून, आठवणीवरून ठरतं. ते मानलं तर सासूबाई केव्हाच गेल्या म्हणायच्या. मग मी रोज न्हाऊ घालते ती कोण? चीनमधली कन्फ्यूशियसची परंपरा वेगळं सांगते. तिथं माणूस एकटा नसतोच. तो कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाऊ. माणुसकीसाठी त्यांचं जे अक्षर आहे, त्यात 'माणूस' आणि 'दोन' अशा खुणा आहेत. सासूबाईंचा प्रश्न जणू तिथलाच! पण त्याच परंपरेनं बाईला आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, शेवटी मुलाच्या आज्ञेत ठेवलं. नात्यापलीकडची ती कोण, हे राहूनच गेलं.

ते आपला ग्रंथ विचारतो. जाणणं हे जीवाचं लक्षण. ज्ञानावरणीय कर्मानं ते झाकलं जाईल, पण जीव उणा होत नाही. लॉकपाशी न मिळालेला हा आधार मला इथं मिळाला.

तरी माझी एक तक्रार आहे. ग्रंथ बोलतो तो घरातून मन काढू पाहणाऱ्याशी. घरात राहून दुसऱ्याचं करणारीला त्यातून 'नातं म्हणजे मोह' एवढंच ऐकू येतं. सासूबाईंकडून नातं सुटलंच आहे. मीही सोडलं तर सूर्य मावळायच्या आत त्यांना घास कोण भरवणार? त्यांचा आत्मा पूर्ण आहे हे मला ग्रंथानं शिकवलं. त्यांच्याजवळ बसायला मात्र नात्यानंच शिकवलं.

म्हणून रोज सांगते, "तुमचीच की हो, आत्ती."

हे मूढपण आहे का, यावर पुढच्या स्वाध्यायात बोलू या.