वेदना, संवेदना आणि प्रश्नावली

आपल्या शरीरातील संवेदनांचे भान माणसाला किती आहे, हे त्याच्याच उत्तरांवरून मोजणारी ३२ विधानांची प्रश्नावली वोल्फ मेहलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. २०१८ च्या सुधारित आवृत्तीत विधाने ३७ झाली. कसोट्या आठ, प्रत्येक विधानास शून्य ते पाच गुण.

शरीराकडे भयाने पाहणे आणि स्मृतीने पाहणे यांत या प्रश्नावलीने भेद केला, हे तिचे श्रेय आम्ही मान्य करतो. संयुत्तनिकायातील सल्लसुत्त शारीरिक पीडेचा पहिला बाण आणि त्यावर शोक करणाऱ्या मनाचा दुसरा बाण वेगळे करते. त्या विवेकाच्या ही कसोटी जवळ येते. मात्र दुखण्याची काळजी करीत नाही असे सांगणाराची चिंता कमी आढळली, तर त्यात नवल ते काय? एकच गोष्ट दोनदा विचारून मिळालेल्या संबंधाला कार्यकारणभाव म्हणता येत नाही.

मराठीत उतरविताना पहिली ठेच 'वेदना' या शब्दाशीच लागते. पालीतील वेदना सुख, दुःख आणि अदुःख-असुख अशी त्रिविध. सतिपट्ठानसुत्तात तिचे पुन्हा सामिस-निरामिस भेद. मराठीने तिला केवळ दुखण्यापुरती उरविली. (विपश्यना शिबिरांत 'संवेदना' शब्द रूढ झाला तो उगीच नव्हे.) प्रश्नावली ताण, सुखावणे, अस्वस्थता, श्वास यांविषयी विचारते, तिसऱ्या वेदनेला तेथे स्वतंत्र स्थान नाही.

आमचा मुख्य आक्षेप याहून गंभीर आहे. दुखणे रेटून नेतो असे जो सांगेल, त्याचे गुण येथे घटतात. मानपाड्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एखाद्या बांधकामावर विटा वाहणारी स्त्री घ्या. कंबर दुखते हे तिला पुरते ठाऊक असते. थांबल्यास दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती रेटते. हिला भान कमी म्हणावयाचे काय? दुसरी एक कसोटी, आपले शरीर सुरक्षित स्थान वाटते काय, असे विचारते. ज्यांचा स्पर्शच पिढ्यान्‌पिढ्या विटाळ ठरविला गेला, त्यांचे उत्तर 'नाही' आले, तर ती उणीव त्यांच्या मनाची, की विटाळ मानणाऱ्या समाजाची? 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचा विचार माणसामाणसांतील व्यवहारापर्यंत नेला. सतिपट्ठानसुत्तही अनुपश्यना 'अज्झत्त' आणि 'बहिद्धा' अशी दोन्हीकडे करावयास सांगते. प्रश्नावली आतच थांबते.

मराठी रूपांतर करणाऱ्यांनी निदान 'दुखणे रेटतो' या विधानापुढे 'का?' असा एक रकाना ठेवावा, आणि त्यातील उत्तरे गुणांत न मिळविता स्वतंत्र वाचावीत.